वजन घटतं ते वाण्याच्या यादीत

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

घरात कुणाचं वजन वाढलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय सोडायचं? कुणी भात सोडतं, कुणी पोळी सोडतं, कुणी रात्रीचं जेवणच सोडून देतं. दोन महिने नेटाने जातात, चार किलो उतरतात. मग घरात लग्न निघतं, दिवाळी येते आणि उतरलेलं वजन व्याजासकट परत येतं. ज्याने सोडलं त्याला वाटतं, आपलाच निग्रह कमी पडला. घरचेही तेच म्हणतात.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. माझ्या नोकरीची सगळी वर्षं इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे ‘काय सोडायचं’ याच्याआधी मला दुसराच प्रश्न सुचतो : जे सोडायचं म्हणतो, ते आपल्या ताटात आलं कधी आणि आणलं कुणी? ताट हाही एक दस्तऐवज आहे. तो नीट वाचला तर लक्षात येतं, की वाढलेलं वजन ही काही एकेका माणसाच्या जिभेची कहाणी नाही. ती धान्याच्या भावाची, रेशनच्या रांगेची, गिरणीच्या पट्ट्याची आणि घरातल्या बाईच्या घड्याळाची कहाणी आहे. जे सगळ्या घराच्या बाजारातून आलं, ते एकट्याच्या निग्रहाने जाणार कसं?

जुनं ताट

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं महाराष्ट्राचं ताट कसं होतं, हे पाहायला साधनं आहेत. मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर १८८० च्या दशकात निघाले. नगर, सोलापूर, पुणे अशा जिल्ह्यांच्या खंडांत लोक काय पिकवतात आणि काय खातात याच्या नोंदी आहेत. देशावर ज्वारी आणि बाजरी, कोकणात तांदूळ, नाचणी आणि वरी, खानदेशात कळण्याची भाकरी. जोडीला तूर, मटकी, हुलगा, पालेभाजी, चटणी, मिळालं तर ताक. गहू होता, पण तो सणाचा. पुरणपोळीचा थाट होता तो काही नुसत्या पुरणाचा नव्हता. तिच्यासाठी गहू दळायचा, हेच अप्रूप होतं. देशावरच्या कुणब्याच्या घरी भात शिजे तो सणाला किंवा पाहुण्याला. गोड म्हणजे गूळ आणि तोही बेताने.

हे ऐकलं की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बघा, जुनी माणसं काटक होती ती म्हणूनच!’ इथे थोडं थांबायला हवं. जुनी माणसं बारीक होती त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांना पुरेसं मिळत नव्हतं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषाला १८७७ साली दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा एवढी मजुरी ठरवली गेली. एक रतल म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेल्या या मजुरीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनं धाडली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ पाठोपाठ आले. तेव्हा जुन्या ताटाकडे ‘परत’ जायचं म्हणताना, त्या ताटात भाकरीइतकीच भूकही वाढलेली होती, हे विसरता येणार नाही.

त्या काळच्या शास्त्रालाही वजन वाढावं हीच चिंता होती. दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन हे ब्रिटिश डॉक्टर पोषणावर संशोधन करत. त्यांच्या १९१८ साली सुरू झालेल्या कामातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. १९२० च्या दशकात त्यांनी भारतातल्या सात प्रकारच्या लोकांचं जेवण उंदरांच्या सात गटांना घातलं आणि कोणाचं वजन किती भरतं ते पाहिलं. पंजाबातल्या शिखांचं गहू, दूध, डाळी आणि भाजीपाल्याचं जेवण पहिलं आलं, पठाणांचं दुसरं, मराठ्यांचं तिसरं. सडलेल्या तांदळावर भर असलेलं मद्रासी जेवण शेवटचं. वजन जास्त म्हणजे प्रकृती चांगली, असा तो हिशेब होता आणि त्या काळात तो बरोबरही होता.

‘कॅलरी’ हा शब्द आपल्याकडे सार्वजनिक चर्चेत आला तोही गरिबीच्या वाटेने. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असं त्यांचं माप होतं. सातारा जिल्ह्यातून पुढे जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी या मापाला हरकत घेतली. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर मिळेल त्याच्याशी जुळवून घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हा वाद वर्षानुवर्षं चालला. दोघांचाही विषय होता, माणसाला कमीत कमी किती लागतं. आज त्याच कॅलरी आपण मोबाइलवर मोजतो, त्या उलट्या कारणासाठी. पन्नास-पंचावन्न वर्षांत केवढी उलथापालथ झाली!

शरीराची आठवण

ही उलथापालथ शरीराला सहज पचलेली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, हे तर दिसतच होतं. पण नीट मोजल्यावर कळलं, की त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान राहिले होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हडकुळं दिसणारं पण चरबी राखून असलेलं बाळ. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर खात, त्यांची बाळं अधिक चांगल्या वजनाची होती. नुसतं पोट भरणं पुरेसं नव्हतं. काय खाऊन भरलं याला महत्त्व होतं.

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे काटा जे सांगतो, ते आपल्या बाबतीत अर्धंच असतं. म्हणून तर आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी मापं खाली आणली : निर्देशांक २३ च्या पुढे गेला तर जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर, ही धोक्याची रेघ. शिंप्याची टेप वजनकाट्याइतकीच कामाची आहे, हे ध्यानात ठेवावं.

पिढ्यान्‌पिढ्या टंचाईत घडलेलं शरीर एकदम भरल्या दुकानात येऊन उभं राहिलं, की काय होतं ते आपण पाहतोच आहोत. दुकान कसं भरलं, ते आता पाहू.

रेशनचा गहू

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर टंचाई संपली नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, केंद्रातले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी अमेरिकेशी मोठा करार केला : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. ‘पी. एल. ४८०’ हे नाव तेव्हा शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. १९६५ च्या युद्धकाळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि घराघरांतून ते पाळलं गेलं. १९७२ चा दुष्काळ तर अजून लोकांच्या तोंडी आहे. लाल मिलो, सुकडी, दुष्काळी कामं. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती.

या सगळ्यातून ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरांत गहू रोजचा झाला. पुढे हरितक्रांती झाली, कोठारं भरली, आणि सरकार जे खरेदी करी तेच रेशनवर मिळू लागलं : गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गव्हाचा भाव किलोला २ रुपये आणि तांदळाचा ३ रुपये ठरला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट मिळू लागलं. कायद्यात भरड धान्यही १ रुपया किलो होतं, पण बहुतेक घरांच्या पिशवीत पडलं ते गहू-तांदूळच. शेजारच्या दुकानातली ज्वारी मात्र बाजारभावाने घ्यायची. गरीब घराने काय करावं? ज्याच्यावर भूक भागते तेच ते खाणार. यात जिभेचे चोचले कुठे आले?

मध्यमवर्गीय घरात कारण वेगळं होतं, ते म्हणजे घड्याळ. भाकरी गरम तव्यावरून ताटात आली तरच भाकरी. डब्यात दुपारपर्यंत ती वाळते, कडक होते. पोळी सकाळी सहाला लाटली तरी एक वाजता मऊ राहते. बायका नोकरीला लागल्या, मुलांच्या शाळा सकाळच्या झाल्या, आणि डब्याने पोळीच्या बाजूने निकाल दिला. ज्वारीच्या संकरित जाती आल्या त्यांचं उत्पन्न भरघोस, पण ‘हायब्रीडच्या भाकरीला मालदांडीची चव नाही’ अशी कुरकुर घरोघरी होती. तीही गव्हाच्या पथ्यावर पडली.

इथे एक खुलासा करते. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि ज्वारी-नाचणीला एकदम प्रतिष्ठा आली. छान झालं. पण भाकरी म्हणजे वजन उतरवायचं औषध, असा जो समज पसरला, तो खरा नाही. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. भाकरीने पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं, तिच्यात चोथा चांगला असतो, वर तेल लागत नाही, हे तिचे गुण. पण तीन भाकऱ्या त्या तीनच भाकऱ्या.

साखर आणि तेल

चहा आपल्याकडे घरोघरी आपसूक गेला नाही. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाच्या प्रचाराला बळ मिळालं. चहाबरोबर साखर आली. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढे महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. या कारखान्यांनी शेतकऱ्याला उभं केलं, शाळा-कॉलेजं काढली. ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण त्याच काळात साखर ही पाहुण्यापुढे ठेवायची चीज उरली नाही, ती डब्यात किलोकिलोने येऊन बसली.

तेलाचंही तसंच. करडई, शेंगदाणा, तीळ, जवस, कारळं, जे शेतात ते घाण्यावर जाई. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला आणि तुपाच्या वाटेला न जाणाऱ्यांनाही तळणं परवडू लागलं. १९९४ पासून खाद्यतेलाची आयात खुली होत गेली. मलेशिया-इंडोनेशियाचं पामतेल स्वस्तात मिळू लागलं आणि फरसाण, बिस्किटं, वेफर्स यांची पाकिटं कोपऱ्यावरच्या टपरीत लटकली. पूर्वी चकली वर्षातून एकदा व्हायची, कारण तेल महाग आणि खटपट फार. आता चकलीला ऋतू राहिला नाही.

याच सत्तर-ऐंशी वर्षांत जातं गेलं, पाटा-वरवंटा गेला, नळ घरात आला, सायकलची स्कूटर झाली. कुणी म्हणेल, मग जातं परत आणायचं का? मुळीच नाही. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने गिरणीला हात जोडले असते. पण अंगाचं काम गेलं आणि ताट मात्र वाढलं, हा हिशेब कधीतरी मांडावाच लागतो.

उपासाची गंमत

वजनासाठी उपास करणारे पुष्कळ. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यालाच उद्देशून केलेली आहे. आपलं उपासाचं ताट तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोठं मजेचं वाटतं. साबुदाणा ज्या टॅपिओका कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. त्यांतली बहुतेक कोलंबसानंतरच इकडे पोचली. धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथकारांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. तमिळनाडूतल्या सेलम भागात साबुदाण्याचे कारखाने निघाले तेच मुळी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. उपासाला ते खाऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यावर तूप आणि दाण्याचं कूट; एक ताटली खिचडीने श्रद्धा जपली जाईल, वजन उतरणार नाही.

शेवटी जेवणारी

या सगळ्या इतिहासातलं एक पान मला फार सलतं. आपल्या घरांत बाई शेवटी जेवत आली. भाजी संपलेली, आमटीचा तळ उरलेला, भात मात्र शिल्लक. ‘खाऊन माजावं, टाकून माजू नये’ असं म्हणत मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं तिच्या पोटात जातं. म्हणजे तिच्या वाट्याला पीठ आणि भात जास्त, डाळ, भाजी आणि दूध कमी. देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत जादा वजनाच्या साधारण १३ होत्या; २०१९-२१ मध्ये त्या २४ झाल्या. आणि त्याच २०१९-२१ च्या पाहणीत रक्त कमी असलेल्या बायका शंभरात ५७. वजन जास्त आणि रक्त कमी, दोन्ही एकाच देशात, पुष्कळदा एकाच घरात आणि कधी कधी एकाच देहात.

अशा बाईला ‘तू जेवण कमी कर’ हा सल्ला देणं म्हणजे आजारावर आजार लादणं आहे. तिने कमी नाही, वेगळं खायला हवं. आणि पहिली गोष्ट म्हणजे सगळ्यांबरोबर बसून खायला हवं. भाजीचं पातेलं मध्ये असताना.

मग करायचं काय?

हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा साधा आहे. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळं. धान्यातून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत. आपल्याकडे बऱ्याच घरांत ती ५० ते ७० टक्के असते. डाळी, कडधान्यं, दूध आणि खात असाल तर अंडी, मासे यांना नीट जागा.

आपल्या ताटाची मांडणी मुळात याला सोयीची आहे. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मांडणीत चूक नाही, चूक मापात आहे. कोशिंबीर आपण बोटाने चाखण्यापुरती वाढतो. ती वाटीभर वाढली, उसळ दोन पळ्या जास्त घेतली आणि पोळ्या नेहमीपेक्षा एकाने कमी केल्या, तरी ताट तेच राहतं आणि जेवण बदलतं. परकं काही शिकावं लागत नाही.

पण खरी किल्ली मला ताटात नाही, वाण्याच्या यादीत दिसते. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल येत असेल, तर माणशी दिवसाला जवळजवळ ४२ मिलिलिटर झालं, म्हणजे ३८ ग्रॅम. पोषण संस्थेच्या ताटात ते साधारण २७ ग्रॅम आहे. म्हणजे साडेतीन लिटर पुरे. साखर महिन्याला ५ किलो येत असेल, तर माणशी रोज ४१ ग्रॅमच्या पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगलं. म्हणजे ३ किलो, आणि बिस्किटं-सरबतातली साखर त्यातच धरायची. एवढ्या दोन ओळी बदलल्या, की माणशी रोजच्या १७० च्या आसपास कॅलरी कमी होतात, साधारण दीड पोळीइतक्या. कुणाचं ताट वेगळं नाही, कुणाचा निग्रह पणाला लागत नाही, जेवताना कुणी कुणाला टोकत नाही. जे घरात आलंच नाही, ते रात्री दहा वाजता डबा उघडून कोण खाणार? वाचलेल्या पैशात मूग, मटकी आणि दोन जुड्या पालेभाजी जास्त येते.

अर्थात हे एका महिन्यात करू नये. तेल पहिल्या महिन्यात अर्धा लिटर कमी, पुढच्या महिन्यात आणखी अर्धा. चहातली साखर अर्ध्या चमच्याने. जीभ हळूहळू जुळवून घेते. एकदम ओढलं तर ती बंड करते. वजनही सावकाशच उतरावं. ८० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत ४ किलो गेले, तरी ते मोठं यश मानायला हवं. झपाट्याने घटवलेल्या वजनात स्नायूही जातात आणि उपाशी राहिलेलं शरीर खर्च आवरतं घेतं. टंचाईत तेच तर त्याने पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे.

आणि काटा हलला नाही तरी धीर सोडू नये. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवर तो झाला. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणं वाढवलं, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि वजन फारसं न उतरताही हा फायदा दिसला. म्हणजे चांगलं जेवण काट्याला न सांगताही आपलं काम करत असतं. मात्र ज्यांना मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवणाचं माप डॉक्टरांना विचारूनच बदलावं. गरोदर बाईने आणि वाढत्या वयाच्या मुलाने वजन उतरवण्याच्या नादी लागूच नये. घरातलं मूल जाड असेल तर त्याला नावं ठेवू नयेत. त्याच्यासाठी वेगळं शिजवण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच चांगलं शिजवावं.

आपल्या आज्या-पणज्यांनी टंचाईत घर चालवलं. मूठभर डाळीत घर जेवू घालायची कला त्यांच्याकडे होती. आपल्याला नेमकी उलटी कला शिकायची आहे : भरलेल्या दुकानातून मोजकंच घरी आणायची. ती कला ज्याला वजन उतरवायचं आहे त्या एकट्याने शिकून भागणार नाही. यादी लिहिणारा, पिशवी उचलणारा, फोडणी घालणारी आणि ‘आज काहीतरी चमचमीत कर’ म्हणणारा, सगळ्यांनीच ती शिकायची आहे. येत्या एक तारखेला यादी करायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलवा. तेलाच्या आणि साखरेच्या ओळीपाशी थोडं थांबा आणि खालची एक ओळ मोकळी ठेवा, कडधान्यासाठी.